माडावरून पडलेल्यांची वही : ऑर्थोपेडिक्सच्या वाटेवर संशोधन कुठून आणि कसं सुरू करावं

एप्रिल-मे महिन्यात कुडाळ-मालवणकडच्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात दुपारी जाऊन बसा. आंबे काढताना फांदी मोडून पडलेला एक, माडावरून घसरलेला एक पाडेली (नारळ पाडणारा) आणि पडवीत पाय सरकून मनगटावर आपटलेली एखादी आजी, एवढी मंडळी हमखास भेटतील. असे वर्षाला किती येतात, असं मी एकदा आमच्याच धंद्यातल्या एका मित्राला विचारलं. "खूप," तो म्हणाला. त्यातल्या किती जणांची टाच फुटलेली असते? "बऱ्याच." आणि वर्षभराने पुन्हा माडावर चढतात किती? यावर त्याने चहा मागवला.

मी हसलो नाही, कारण तेव्हा माझंही उत्तर तेच होतं. हा लेख एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातल्या, इंटर्नशिप करणाऱ्या किंवा ऑर्थोची रेसिडेन्सी चालू असलेल्या मुलामुलींसाठी आहे, त्यातही जे पुढेमागे कोकणात परतायचं म्हणतात त्यांच्यासाठी. संशोधन म्हणजे थीसिस आणि थीसिस म्हणजे परीक्षेआधी उरकायचं एक कार्य, असाच समज घेऊन बहुतेक जण येतात. मीही तसाच आलो होतो. आज मला वाटतं, 'खूप'च्या जागी आकडा लिहायची सवय लागली की माणसाची ऑपरेशन करायची पद्धतच बदलते. नोकरी, फेलोशिप, बढती हे त्याच्या मागून येतं.

पहिली पायरी : वही

किराणा दुकानात उधारीची असते तसली लांब वही घ्या. एक्सेल चालेल, पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत लॅपटॉप उघडायचा कंटाळा येतो आणि वही टेबलावरच असते. इंटर्नशिपपासून सुरू करा. रकाने थोडे ठेवा, नाहीतर आठवड्याभरात वही बंद पडते. वय, गाव, कशावरून पडला, अंदाजे किती फुटांवरून, जखम उघडी की बंद, इजा झाल्याची वेळ, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिल्याची वेळ, काय केलं, कोणी केलं. शेवटचे दोन रकाने कोरे सोडा, त्यांचं काम वर्षभराने पडतं. नाव आणि फोन वेगळ्या वहीत, दोन्हींना जोडणारा फक्त अनुक्रमांक. ही वेगळी वही कपाटात, कुलपात.

एक नमुन्याची ओळ बघा: "पुरुष, ५२. माड, ३० फूट. उजवी टाच, बंद. मणक्याचा एक्स-रे: काढला नाही." उंचीवरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच फुटली असेल तर कमरेचा मणका तपासायचा, हे प्रत्येकाने पाठ केलेलं असतं. पण रकाना असला की 'काढला नाही' हे स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. दोनदा लिहिलं की तिसऱ्या वेळी एक्स-रे निघतो. वहीने केलेला हा पहिला बदल, आणि त्यासाठी एकही शोधनिबंध लागलेला नाही.

आपल्या शास्त्रातल्या मोठ्या गोष्टी अशाच वह्यांतून निघाल्या आहेत. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जननी मिळून एओ हा गट काढला. प्लेट-स्क्रूने हाड घट्ट बसवायचं त्यांचं तंत्र तेव्हा सगळ्यांना पटत नव्हतं. त्यांनी प्रत्येक केसचे एक्स-रे आणि नोंदी एका जागी जमवायची शिस्त घातली, आणि पुढे ती नोंदच त्यांची वकील झाली. उघड्या फ्रॅक्चरचं, म्हणजे जखम हाडापर्यंत पोचलेल्या फ्रॅक्चरचं, जे गुस्टिलो-अँडरसन वर्गीकरण आपण रोज तोंडाने म्हणतो, त्याच्या १९७६ च्या निबंधामागे १,०२५ उघडी फ्रॅक्चर होती. त्या वर्गीकरणातला तिसऱ्या प्रकारचा 'बी' गट फारच ऐसपैस आहे. पाय वाचेल की कापावा लागेल हे त्यावरून नीट कळत नाही, ही अडचण कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या सर्जनना रोज येत होती. त्यांनी स्वतःच्या रुग्णांच्या नोंदींवरून वेगळा स्कोअर बसवला आणि २००६ मध्ये छापला. आज तो जगभर वापरला जातो.

दुसरी पायरी : प्रश्न

'माडावरून पडणे : एक अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ते निबंधाचं नाव झालं. प्रश्न गाळलेल्या जागा भरून तयार होतो: कोणत्या रुग्णाला, काय केलं तर, दुसरं काय केलं त्याच्या तुलनेत, कोणती गोष्ट, किती महिन्यांनी सुधारते? यातली एक जागा जरी कोरी राहिली तरी थीसिस पुढे रडवते.

चांगला प्रश्न कसा असतो ते मनगटाच्या फ्रॅक्चरवर बघू. पडवीतल्या त्या आजीची केस. लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रू घट्ट अडकतात अशी पट्टी) आल्यावर सगळीकडे प्लेट बसू लागली. एक्स-रे देखणा दिसतो, आपल्यालाही बरं वाटतं. ब्रिटनमध्ये विचारलं गेलं, की हाड न उघडता जागेवर बसवता येत असेल तर साध्या के-वायरपेक्षा (हाडात घालायची बारीक तार) प्लेटने हात जास्त चांगला चालतो का? १८ रुग्णालयांतल्या ४६१ जणांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं. २०१४ मध्ये उत्तर छापून आलं: वर्षभराने रुग्णाच्या दृष्टीने दखल घ्यावी असा फरक नाही, आणि वायर स्वस्त. मग त्याच मंडळींनी पुढचा प्रश्न घेतला. वायर तरी कशाला, नीट मोल्ड केलेलं प्लास्टर पुरेल का? ३६ रुग्णालयं, ५०० रुग्ण, निकाल २०२२ मध्ये. वर्षभराने हाताच्या कामात फरक नव्हता, पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठांतल्या एकाचं हाड सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं.

हा दुसरा निकाल कोकणात बसून वाचा. शहरात सरकलेलं हाड पुढच्या आठवड्याच्या एक्स-रेत सापडतं. आपली आजी भर पावसात दोन एसट्या बदलून दुसऱ्या आठवड्यात येईल का? नाही आली तर ती आठांतली एक आहे की नाही, हे आपल्याला तिचं मनगट वाकडं झाल्यावर कळणार. म्हणजे ब्रिटनचं उत्तर खरं असूनही आपला प्रश्न शिल्लक राहतो: पहिल्या दोन आठवड्यांत एक्स-रेला परत येण्याची खात्री नसेल, तर कोणाला प्लास्टर आणि कोणाला वायर? हा विषय जिल्हा रुग्णालयात बसून करता येतो, आणि तो आपल्यालाच करावा लागेल.

विषय धरण्याआधी पबमेडवर (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) दोन संध्याकाळी घालवा. वाचलेलं झोटेरोमध्ये साठवत जा. ते फुकट आहे आणि शेवटी संदर्भांची यादी लावताना वाचवलेले चार दिवस तुम्हाला आठवतील.

तिसरी पायरी : थीसिसचं गणित

एमएसचे महिने ३६. सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) लिहून, गाइडच्या सह्या होऊन, एथिक्स कमिटीची परवानगी हातात पडेपर्यंत सहा गेले असं धरा. थीसिस परीक्षेआधी सहा महिने द्यावी लागते, ते सहा गेले. विश्लेषण आणि लिहिणं यात तीन. उरले २१. प्रत्येक रुग्ण वर्षभर बघायचा असेल तर नवे रुग्ण घ्यायला हातात राहतात फक्त नऊ महिने, आणि त्यात तीन महिने जिल्हा रुग्णालयातली पोस्टिंगही येते. हे गणित पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडा. मी मांडलं नव्हतं. वर्षभराचा फॉलो-अप लिहून बसलो आणि शेवटी सहा महिन्यांवर आणताना कमिटीपुढे तोंड पाडून उभा राहिलो.

नऊ महिन्यांत रुग्ण किती मिळतील? युनिटच्या ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरमधून मागच्या वर्षीचा आकडा काढा आणि त्याच्या निम्मा धरा. अभ्यास सुरू झाला की रुग्ण आटतात, हा सगळ्या संशोधकांचा अनुभव आहे. वीस-तीस रुग्णच होणार असतील तर दोन इम्प्लांटची तुलना करायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा एकाच गोष्टीचं बारकाईने वर्णन करा.

लहान आकड्यांचा एक सापळा तोंडपाठ ठेवा. तीस जणांची ऑपरेशनं केली आणि एकालाही इन्फेक्शन झालं नाही, म्हणून आपला इन्फेक्शन रेट शून्य होत नाही. तिनाला रुग्णसंख्येने भागा. तीन भागिले तीस, म्हणजे खरा दर दहा टक्क्यांपर्यंतही असू शकतो. परिषदांमध्ये 'माझ्याकडे एकही नाही' असं कोणी छाती काढून सांगितलं की मी मनात हा भागाकार करतो.

आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षी उरका. तो बंधनकारक आहे म्हणून सगळे करतातच, पण रात्री व्हिडिओ पळवत न करता प्रश्न ठरवण्याच्या आधी केलात तर उपयोग होतो. चिठ्ठ्या टाकून उपचार ठरवणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (अशा चाचण्यांची देशाची नोंदवही) नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

संमतीपत्राबद्दल माझा एक हट्ट आहे. छापील मराठी बहुतेकदा इंग्रजीवरून उतरवलेलं असतं, 'यादृच्छिकीकरण' वगैरे. वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. त्यांना कळलं तर रुग्णाला कळेल.

चौथी पायरी : फॉलो-अप, म्हणजे कोकणातला खरा अभ्यास

पुस्तकातला फॉलो-अप सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष असा चालतो. आपला रुग्ण दुसऱ्या पंचांगावर चालतो. जुलैत लावणी, घरातलं एकही माणूस हलत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे दोर ओढायच्या विंचमध्ये हाताचं बोट सापडलेला खलाशी तेव्हा बोलावला तर येतो. नारळी पौर्णिमेनंतर तो समुद्रावर गेला की त्याचा नाद सोडा. गणपतीत चाकरमानी घरी असतात, आजीला गाडीत घालून आणायला मुलगा मोकळा असतो. शिमग्याला पुन्हा तसंच. म्हणून मी तारीख देताना विचारतो, गणपतीत घरी कोण येणार आणि आजी पावसाळ्यात कुठे असणार? खुब्याचं ऑपरेशन झालेल्या निम्म्याअधिक आज्या पुढे डोंबिवली-विरारला मुलाकडे जातात, असं मी लिहिणार होतो. मग वही काढून बघितली. निम्म्याहून कमी होत्या. बघा, 'खूप'ची सवय किती चिवट असते.

फोन नंबर दोन घ्या. एक रुग्णाचा, दुसरा गावातून न हलणाऱ्या माणसाचा: दुकानदार किंवा आशाताई. एक्स-रे व्हॉट्सअॅपवर मागवायचा असेल तर फिल्म खिडकीच्या काचेवर धरून, डावी-उजवीची खूण दिसेल अशी, सरळ समोरून काढायला सांगा. नाव झाका. आणि तो तुमच्या लग्नाच्या फोटोंमध्ये पडून राहू देऊ नका.

हे सगळं मी शिकलो ते एका पावसाळ्यात. मनगटाच्या माझ्या प्लेट उत्तम होतात अशी माझी ठाम समजूत होती, कारण ओपीडीत येणारे हात उत्तम असायचे. कामं कमी होती म्हणून ओटी रजिस्टर घेऊन बसलो आणि न आलेल्यांना फोन लावले. बरेच जण म्हणाले, "हात बरो आसा, मगे कित्याक येव?" ते ठीकच. पण काही जण दुसरीकडे जाऊन प्लेट काढून आले होते. एकीची बोटं मिटत नव्हती आणि 'डॉक्टर रागावतील' म्हणून ती आली नव्हती. दाराआड राहिलेल्यांत अगदी बरे आणि अगदी वाईट असे दोन्ही असतात. कोण कुठला, ते फोन केल्याशिवाय कळत नाही. थीसिसमध्ये पाचातला एक जरी गळाला तरी परीक्षक तिथेच बोट ठेवतो, आणि बरोबर ठेवतो.

काय मोजायचं? मनगट, गुडघा, खुबा यांचे तयार स्कोअर आहेत. ते जसेच्या तसे वापरा. एखादा प्रश्न मनाने बदललात तर जगातल्या इतरांशी तुलना संपली. पण त्यांच्या शेवटी आपले चार प्रश्न वेगळे जोडा: उकिडवं बसता येतं का? मांडी घालता येते का? विहिरीचं पाणी ओढता येतं का? आडाळ्यावर बसून खोबरं खवता येतं का? मनगट पूर्ण बरं झालं असं स्कोअर सांगत होता आणि खवताना आजीचा हात दुखतच होता, असं मी पाहिलंय.

पाचवी पायरी : जिल्हा रुग्णालयातले तीन महिने

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात डीआरपीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या पोस्टिंगचे, तीन महिने येतात. मुलं त्यांना सुट्टी समजतात किंवा शिक्षा. मला तो सगळ्यात सुपीक काळ वाटतो, कारण तीन महिन्यांत एक ऑडिट पुरं होतं. संशोधन विचारतं की योग्य काय आहे. ऑडिट विचारतं की जे योग्य ठरलंय ते आपण करतोय का.

उघड्या फ्रॅक्चरचंच घ्या. ब्रिटिश मार्गदर्शिका सांगते की अँटिबायोटिक शक्यतो इजेनंतर तासाभरात द्यावं. महामार्गावर राजापूरजवळ पाय मोडलेल्या मोटारसायकलवाल्याला पहिला डोस कधी मिळतो? पहिला महिना फक्त मोजा: इजेची वेळ, प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचल्याची वेळ, डोसची वेळ, आणि डोस कुठे दिला. बहुधा दिसेल की उशीर डोंगरातल्या रस्त्यापेक्षा 'पुढे पाठवतोय, तिथेच देतील' या वाक्याने होतो. दुसऱ्या महिन्यात केंद्रांतल्या डॉक्टरांशी बोला, रेफर करायच्या चिठ्ठीवर डोसच्या वेळेचा रकाना छापून घ्या. तिसऱ्या महिन्यात पुन्हा मोजा. फरक पडो न पडो, हे पूर्ण झालेलं चक्र आहे. ब्रिटनमध्ये नोकरीच्या मुलाखतीत याबद्दल खोदून विचारतात.

जखम धुवायचं पाणी हाही असाच विषय. आम्ही साबणाचं पाणी घालून जोराच्या फवाऱ्याने धुवायचो, जितकं जोरात तितकं स्वच्छ असं वाटायचं. भारतासह पाच देशांतल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं की जोराच्या फवाऱ्याने काही साधत नाही आणि साबणापेक्षा साधं सलाइन बरं. कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी हे उद्यापासून करता येतं, खर्च कमीच होतो.

सहावी पायरी : आकडेमोड आणि छापणं

आकडेमोडीवर फार लिहीत नाही. जामोवी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. संख्याशास्त्रज्ञाला भेटायचं ते माहिती गोळा करण्याआधी. नंतर गेलात तर तो फक्त सांत्वन करू शकतो.

लेखकांची नावं आणि क्रम मात्र पहिल्या दिवशी कागदावर लिहून घ्या. माझ्या पहिल्या निबंधात रुग्ण माझे, फोन माझे, तक्ते माझे, आणि नाव तिसरं. पहिलं नाव कोणाचं होतं ते सोडून द्या, मी सोडलंय म्हणतो आणि दर दोन वर्षांनी आठवतो. आंतरराष्ट्रीय संपादक-समितीचे नियम स्पष्ट आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात, शेवटच्या मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, या चारही अटी पुऱ्या करणारा लेखक. विभागप्रमुख आहे एवढ्यावर कोणी लेखक होत नाही. हे बोलून दाखवणं रेसिडेंटला अवघड आहे, म्हणूनच आधी लिहून घ्यायचं.

'प्रिय आदरणीय प्रोफेसर' म्हणून ईमेल येतील, आठ दिवसांत छापतो, अमुक हजार पाठवा. डिलीट. नियतकालिक पबमेडवर दिसतं का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, तिथला एखादा निबंध वाचून काही शिकायला मिळतं का, एवढं बघा. आपल्या असोसिएशनचं इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स आहे. तिथे नाकारलं गेलं तरी परीक्षकांचे शेरे फुकटची शिकवणी असते. त्याआधी मुंबईच्या वायरॉक या ऑर्थोच्या परिषदेत किंवा राज्य परिषदेत पोस्टर लावा. समोर उभा राहून कोणी "अहो, पण न आलेल्यांचं काय?" विचारलं की निबंध आपोआप सुधारतो.

यातून करिअरचं काय होतं?

शिकवायच्या नोकरीत पायऱ्या चढताना प्रकाशनं मोजली जातात. सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यामुळे प्राध्यापकी करायला कोकण सोडावंच लागेल असं आता राहिलं नाही. चांगल्या फेलोशिपला तुमच्या नावावर किती निबंध आहेत यापेक्षा एखाद्या निबंधाबद्दल तुम्ही दहा मिनिटं बोलू शकता का, हे जास्त कामाला येतं. मुलाखतीत 'हे रुग्ण का गळले?' या प्रश्नाला ज्याने स्वतः फोन केलेत तोच उत्तर देतो.

खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्याला याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी महाडकडे बघावं. डॉ. हिंमतराव बावस्कर ऑर्थोचे नाहीत, फिजिशियन. रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेले रुग्ण दगावत होते. उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात भरणारं पाणी टिपलं. ते निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेटने छापलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने मृत्यू टळतात हे त्यांनी दाखवलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे मोठं कॉलेज नव्हतं. रुग्ण होते, आणि वही होती.

आमच्या भागाची अशी वही कोणी घालावी असं मला फार दिवस वाटतंय. माडावरून, आंब्यावरून, पोफळीवरून पडणारे, चिरेखाणीत सापडणारे. दापोलीच्या विद्यापीठाने नूतन झेला काढला, जमिनीवरून आंबा उतरवता येतो. तो वापरणाऱ्या बागांत पडणारे कमी आहेत का, हे दोन तालुक्यांतले चार डॉक्टर मिळून सांगू शकतील. रकाने एकसारखे हवेत, बाकी काही लागत नाही.

माझी वही मी चालवतोय. मागच्या गणपतीत शेवटचे कोरे रकाने भरायला फोन लावत बसलो होतो. टाच फुटलेला एक पाडेली, अकरा महिने झालेले. मी त्याला पुन्हा चढू नको म्हणून तीनदा बजावलं होतं. बऱ्याच वेळाने फोन उचलला, मागे वारा घोंघावत होता.

"डॉक्टरांनू, मी माडार आसंय. मगे फोन करतंय."

मी रकान्यात लिहिलं: पुन्हा माडावर, होय. ११ महिने.